डॉल्फिनला तंगूस का दिसत नाही, अन् ते तपासायला सरकारी पैसा कशाला

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडं डॉल्फिनच्या अभ्यासाला सरकारी निधी, असली बातमी आली की आमच्या लातूर-बीडच्या ग्रुपवर कमेंट ठरलेली असते, इथं टँकर पुरेनात अन् तिकडं मासे मोजायला पैसे वाटायलेत. पैशाचं नंतर बघू. आधी, डॉल्फिन मासा नाही. फुप्फुसानं श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, अन् म्हणूनच जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर गुदमरून मरतो. शाळेत शिकलोय सगळे, ग्रुपवर आलं की विसरतो.

आता खरी गंमत. डॉल्फिन गढूळ पाण्यात, रात्रीच्या अंधारात आवाजावर शिकार करतो. मग एवढा हुशार प्राणी तंगूसच्या, म्हणजे साध्या नायलॉनच्या दोऱ्याच्या जाळ्यात अडकतोच कसा?

त्याच्या डोक्यावर श्वासाचं छिद्र असतं, त्याच्या खाली नाकाच्या नळीत ओठांसारखे दोन पडदे. त्यातून हवा ढकलली की ‘टक्‌ टक्‌’ असे बारीक आवाज निघतात, कपाळातला चरबीचा गोळा ते एका झोतात पुढं फेकतो, अन् परत आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून आतल्या कानाला पोचतो. विहिरीत वाकून हाक मारली की ती परत येते, तेच तत्त्व, फक्त इथं आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. आपला कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत, आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या फिनलेस पॉरपॉइजचे (डॉल्फिनचा छोटा भाऊबंद, पाठीवर पर नसलेला) टकटक साधारण १३० किलोहर्ट्झचे.

पण हाक परत येते ती कशावरून, यात सगळं आलं. आवाज एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना किती परततो ते दोन्हींच्या घनता गुणिले आवाजाचा वेग या आकड्यांतल्या फरकावर ठरतं. पाणी अन् हवा यांच्या या आकड्यांत साधारण साडेतीन हजार पटींचा फरक आहे, म्हणून पाण्यात हवेचा फुगा दिसला की जवळजवळ सगळा आवाज उलटा फिरतो. पाणी अन् नायलॉन यांच्यात मात्र फरक जेमतेम दुप्पट. त्यात दोरा अर्धा मिलिमीटर, अन् १३० किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी पाण्यात (वेग सेकंदाला १५०० मीटर धरा) येते जवळपास १२ मिलिमीटर. लाटेपेक्षा वस्तू इतकी बारीक असली की लाट तिच्यावर आदळत नाही, वळसा घालून पुढं जाते, परत येतो तो नुसता अंश. म्हणून पॉरपॉइजसारख्या छोट्या प्राण्याला जाळं कळतं ते अगदी काही मीटरवर आल्यावर, अन् तोवर तो वेगात असतो. शिवाय ही टकटक चोवीस तास चालू नसते.

आता रोहू साफ करताना पोटातून पांढरा लांबट फुगा निघतो तो आठवा, पैठणला नाथसागराचा मासा घेतला असंल तर हमखास बघितला असंल. बहुतेक हाडवाल्या माशांत हा हवेचा फुगा असतो अन् माशाचा प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्यावरूनच. म्हणजे डॉल्फिनला जाळ्यात अडकलेला मासा लख्ख कळतो अन् जाळं धूसर. फुकटचं जेवण टांगलेलं दिसायलंय, दोरी दिसंना. काही डॉल्फिन मासा ओढून पळतात, जाळं फाटतं, मच्छीमार शिव्या घालतो, अन् काही त्यातच राहतात.

यावर उपाय म्हणून जाळ्याला पिंगर लावतात, म्हणजे थोड्या थोड्या वेळानं ‘पिंग’ करणारं छोटं यंत्र. अमेरिकेजवळच्या मेनच्या आखातात १९९४ साली जाळी सारखीच लावून बघितली, बंद पिंगरच्या जाळ्यांत २५ पॉरपॉइज अडकले, चालू पिंगरच्या जाळ्यांत २. भारी वाटतं ना, पण तो प्राणी लाजरा, आवाजाला बिचकणारा. आपल्याकडचा हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्याला चिकटून राहणारा, त्याला पिंग म्हणजे जेवणाची घंटा वाटली तर उलटं व्हायचं. हे पुस्तकात बघून कळत नाही, आपल्याच पाण्यात मोजावं लागतं.

अन् इथं पैसा येतो. वन्यजीव कायद्यानं डॉल्फिन संरक्षित आहे, त्याला सोडवायला जाळं कापलं तर मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. अमेरिकेनं २०१६ ला नियम केला की आम्हाला मासळी विकायची तर तुमच्या जाळ्यांत सागरी सस्तन प्राणी किती मरतात अन् मुळात आहेत किती ते दाखवा. आकडा नसंल तर फटका मासळी विकणाऱ्याला. मराठवाड्यातल्या माणसाला तर हे सांगायचीसुद्धा गरज नाही, महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकानं ६५ मिलिमीटर दाखवला नाही तर अतिवृष्टीची मदत कशी अडकते ते सोयाबीनवाल्याला विचारा.

 

माझी तक्रार निधी देण्यावर नाही, तो एका वर्षापुरता देण्यावर आहे. डॉल्फिन मोजतात म्हणजे ठरलेल्या रेषांवरून होडी फिरवायची, पाठीच्या परावरच्या खाचांचे फोटो काढायचे, अन् तोच डॉल्फिन पुढच्या वर्षी पुन्हा दिसतो का ते बघायचं, मग कुठं एकूण संख्येचा हिशेब लागतो. जिल्हा नियोजनातून एक वर्ष पैसे दिले अन् मार्चनंतर होडीच्या डिझेलला नाही म्हटलं, तर पहिल्या वर्षाचे फोटो नुसते फोल्डरमध्ये पडून राहतात, कारण जुळवायला दुसऱ्या वर्षाचे फोटोच नसतात.