पार्श्वभूमी: सावळजच्या ४०० ओळी आणि ऑप्टिमायझरचा अंदाज

सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे एक टेबल घ्या. समजा ओळी एक लाख, तालुके दहा. ‘गाव = सावळज’ अशी अट घातली की ४०० ओळी येतात. आता सोबत ‘तालुका = तासगाव’ हेही लिहा. सावळज तासगाव तालुक्यातच, त्यामुळे एकही ओळ गळत नाही. ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कोणत्या मार्गाने चालवायची हे ठरवणारा डेटाबेसचा भाग, मात्र दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरतो, पुन्हा दहाने भागतो आणि ४० चा अंदाज बांधतो. त्यात पीक आले, सोसायटी आली, तीन-चार जॉइन (टेबलांच्या जोडण्या) आले की चूक गुणाकाराने वाढते. मग मूठभर ओळींसाठी निवडलेला नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरे टेबल पुन्हा चाळण्याची पद्धत) लाखो ओळींवर फिरत राहतो. रात्री लावलेला रिपोर्ट पहाटे दूध संकलन सुरू झाले तरी चालूच.

हे गृहीतक १९७९ च्या शोधनिबंधातले आहे. खर्च मोजून प्लॅन (क्वेरी चालवण्याचा मार्ग) निवडण्याची आजची पद्धत तिथूनच आली. आकडेवारी हाताशी नसेल तर बरोबरीच्या अटीला एक दशांश ओळी धरायच्या, ‘पेक्षा मोठे’ला एक तृतीयांश, आणि दोन अटी असतील तर गुणाकार. स्तंभ स्वतंत्र मानले आहेत, हे लेखकांनी तिथेच प्रामाणिकपणे लिहिले होते. पुढच्यांनी सूत्र उचलले, इशारा मागे राहिला.

तो इतकी वर्षे मागे का राहिला, याचे उत्तर बेंचमार्कमध्ये, म्हणजे प्रणालींची तुलना करणाऱ्या ठरीव चाचण्यांमध्ये, आहे. १९८३ च्या विस्कॉन्सिन बेंचमार्कमधली १०,००० ओळींची टेबले यंत्राने तयार केलेली, मूल्ये समान वाटलेली. त्यात एका कंपनीचे आकडे वाईट आले आणि परवानगीशिवाय निकाल छापू नयेत, असे कलम परवान्यांत शिरले. १९८५ मध्ये बँकेच्या जमा-नावे व्यवहारावरचे मोजमाप आले, १९८८ मध्ये आठ कंपन्यांनी सामाईक परिषद (टीपीसी) स्थापली.

खरा वादाचा निर्णय त्या परिषदेच्या विश्लेषणात्मक बेंचमार्कमधला. १९९५ ला टीपीसी-डी आणि १९९९ ला त्याच्या जागी आलेला टीपीसी-एच: आठ टेबले, २२ क्वेरी, आणि डेटा बहुतांशी सपाट, म्हणजे मूल्ये समान वाटलेली. सपाट ठेवण्यामागे कारणे होती. डेटा कुणालाही हवा त्या आकाराचा तयार करता यावा, लेखापरीक्षकाला तपासता यावा, क्वेरीतली किंमत बदलली तरी काम तेवढेच राहावे. तुलना न्याय्य व्हावी म्हणून हे गरजेचे होते, हे मला मान्य आहे. पण सपाट डेटावर स्वतंत्रतेचे गृहीतक जवळपास खरेच ठरते. ज्या परीक्षेत ऑप्टिमायझर नापास व्हायला हवा होता, तिचा पेपरच त्याच्या सोयीचा निघाला. कंपन्यांनी वर्षानुवर्षे याच २२ क्वेरींवर घाम गाळला. सावळज-तासगावसारखी जोडी त्यांत जवळजवळ नव्हतीच, आणि मला हे नुकसान मोठे वाटते.

शंका घेणारे होते. २००५ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी याच बेंचमार्कच्या क्वेरी घेऊन प्लॅनचे रंगीत नकाशे काढले. अटीची निवडकता (किती ओळी अटीत बसतात ते प्रमाण) जराशी हलवली की प्लॅन बदलतो, एकेका नकाशात डझनावारी प्लॅन. त्याच परिषदेच्या पुढच्या बेंचमार्कमध्ये, टीपीसी-डीएसमध्ये, ९९ क्वेरींमागे असमान डेटाही आला, पण तुलनेपुरते सपाट पट्टे राखूनच.

२०१५ मध्ये चित्रपटांच्या खऱ्या माहितीवर ११३ क्वेरी चालवून पाहिल्या गेल्या. तपासलेल्या सगळ्याच प्रणालींचे अंदाज जॉइनगणिक ढासळले, बहुतेकदा खालच्या बाजूला. खर्चाच्या सूत्रापेक्षा ओळींचा अंदाजच जास्त नडतो, हे तिथे आकड्यांनिशी दिसले. व्यावसायिक प्रणालींची नावे त्या निबंधातही नाहीत. ए, बी, सी एवढीच अक्षरे.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत २०१७ पासून दोन स्तंभांमधले अवलंबन सांगण्याची सोय आहे. ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ देऊन ‘अ‍ॅनलाइझ’ चालवले की सावळजचा अंदाज ४० वरून ४०० च्या आसपास येतो. आज्ञा आपणच द्यावी लागते. आणि गाव एका टेबलात, पीक दुसऱ्या टेबलात असेल, तर ही आकडेवारी जॉइनच्या पलीकडे पोचत नाही.