म्युनिकहून एका दिवसात: आल्प्सच्या पायथ्याशी ग्रॅव्हल सायकलिंग

ग्राहकांसाठी माहितीपत्रक. बुकिंग करण्याआधी वाचून घ्या, म्हणजे फोनवर आपला दोघांचाही वेळ वाचेल.

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती किलोमीटर?" आम्ही "चाळीस" म्हटलं की पुण्याहून लोणाव्याला जाऊन येणारी मंडळी थोडी हिरमुसतात. चाळीस तर आम्ही नाश्त्याआधी मारतो! मारत असाल, पण डांबरावर. इथे ग्रॅव्हलवर, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यावर, त्याच चाळीस किलोमीटरला जेवण आणि फोटो धरून पाच-सहा तास जातात. त्यामुळे राइड निवडताना किलोमीटरचा आकडा शेवटी बघा. आधी रस्ता कसला आहे, चढ किती आहे आणि तुम्ही शेवटचे सायकलवर कधी बसला होतात, हे बघा. या तिन्हींची खरी उत्तरं आम्हाला सांगितलीत तर दिवस मजेत जातो.

हा रस्ता असतो कसा

बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्याच्या, जंगलांतून लाकूड वाहणाऱ्या ट्रकसाठी कच्चे रस्ते बांधलेले आहेत. आपल्याकडे मुरूम टाकून रोलर फिरवलेला रस्ता असतो ना, तसाच. फक्त तांबड्या मुरमाऐवजी पांढरट-करडी खडी. हे डोंगर चुनखडीचे आणि डोलोमाइटचे. इझार नदी कार्वेंडेल पर्वतातून उतरताना तेच दगड गोल घासून काठावर आणून टाकते. थांबलो की मूठभर उचलून बघा, साबणाच्या वड्यांसारखे गुळगुळीत लागतात.

पायथ्याचा प्रदेश म्हणून सपाट समजू नका. हिमयुगात हिमनद्या इथपर्यंत आल्या होत्या. परत जाताना त्यांनी खडी-मातीचे ढीग मागे टाकले, तेच आजच्या हिरव्या टेकड्या. एकेक चढ लहान असतो, पण एक संपला की दुसरा हजर. सिंहगडासारखा एकच मोठा घाट चढून मोकळं व्हायची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला वैताग आणतं.

आमच्या सायकलींना हँडल रोडबाइकसारखं वळलेलं, टायर ४० ते ४५ मिलिमीटर रुंद, डिस्क ब्रेक आणि चढासाठी बराच हलका गिअर. सस्पेन्शन नाही, ते काम टायरमधली हवा करते. म्हणून हवा ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास ठेवतो. दर राइडला कोणीतरी अंगठ्याने टायर दाबून "हवा कमी आहे हो" म्हणतंच. कमी नाही, मुद्दाम तेवढीच आहे. दगडी टणक टायर खडीवर उड्या मारतो आणि वळणावर पकड सोडतो.

ब्रेक: हे दोनदा वाचा

भारतात बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटरसायकलसारखा. जर्मनीत पुढचा ब्रेक डाव्या हाताला. डोक्याला हे पटकन कळतं, हाताला कळत नाही. ठाण्याचे एक काका, वय साठीच्या पुढे, सायकल उत्तम चालवणारे. पहिल्याच उतारावर समोर गाय आली. वेग थोडा कमी करावा म्हणून त्यांनी सवयीने डावा ब्रेक मागचा समजून दाबला. पुढचं चाक खडीत आडवं झालं आणि काका रस्त्याकडेच्या गवतात. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. गाय जागची हललीही नाही. तेव्हापासून स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत प्रत्येकाकडून दहा मिनिटं नुसतं ब्रेक दाबणं आणि सोडणं करून घेतो. सायकलिंगमध्ये मुरलेल्यांकडूनही. कंटाळा आला तरी करायचं. उतारावर दोन्ही ब्रेक हलकेच, वळणाआधी. वळणात शिरल्यावर हात ढिले. शिवाय इथे वाहतूक उजवीकडून चालते, हेही रिकाम्या जंगलरस्त्यावर लोक हटकून विसरतात.

आमची मुख्य राइड: लेंगग्रीस ते कोखेल

सुमारे ४० किलोमीटर, सगळे चढ मिळून चारेकशे मीटर. आठवड्यातून निदान एक तास सायकल चालवणाऱ्या कोणालाही जमते.

लेंगग्रीस साधारण ६८० मीटर उंचीवर आहे. तिथून इझार ओलांडून याखेनाउच्या खोऱ्यात शिरायचं. गाड्यांचा रस्ता एका अंगाला राहतो, आपण बराचसा वेळ जंगलातल्या खडीवर. गावात लाकडी सज्जे, सज्ज्यांवर लाल जिरेनियम, आणि भिंतीला इतकी नेटकी रचलेली सरपणाची चळत की एखादं लाकूड ओढायचा धीर होऊ नये. गावापुढे दिवसातला सगळ्यात चिवट चढ आहे. उतरून सायकल ढकललीत तरी कोणी काही म्हणणार नाही, आमच्यातले निम्मे ढकलतातच. चढ संपला की झाखेनबाखची चार घरांची वस्ती, आणि झाडांमधून एकदम वाल्खनझे तलाव. ऊन असेल तर पाणी निळं-हिरवं दिसतं. खोली १९० मीटरच्या आसपास, त्यामुळे ऑगस्टमध्येही पाय घातला की ओरडायला होतं. टॉवेल आणा.

काठाकाठाने उरफेल्डपर्यंत गाड्या नाहीत. मग केसेलबर्गची खिंड, ८५८ मीटर. १७८६ मध्ये जर्मन कवी गटे इटलीला निघाला तो याच खिंडीतून, घोडागाडीत बसून. आपण उलट दिशेने, म्हणजे त्याने चढलेला भाग उतरतो. हा उतार डांबरी, वळणावळणाचा, आणि मोटरसायकलवाल्यांचा लाडका. इथे ओव्हरटेकिंग नाही, गप्पा नाहीत, एकामागे एक. आमचा एक माणूस पुढे, एक शेवटी.

खाली कोखेलझे तलाव वाल्खनझेपेक्षा दोनशे मीटर खाली आहे. या फरकावरच १९२४ पासून वीजकेंद्र चालतं. डोंगरावरून सहा जाड पाइप उतरताना दिसतात. खोपोलीला टाटांचे पाइप बघितलेल्यांना ओळखीचं वाटेल. वीजकेंद्र पाहून कोखेल स्टेशन, तिथून म्युनिकची गाडी.

आणखी दोन राइड्स

नवख्यांसाठी, किंवा आई-बाबा भारतातून आलेत आणि त्यांनाही न्यायचं आहे तर, मुर्नाउचं दलदलीचं मैदान. सुमारे ३२ चौरस किलोमीटरचा हा पट्टा जवळजवळ सपाट आहे, समोर डोंगरांची भिंत. फळ्यांच्या वाटेवर सायकल हातात धरायची. गावात गाब्रिएले म्युंटर आणि कांडिन्स्की हे चित्रकार राहत होते ते घर आहे. चित्रांची आवड असेल तर तासभर जास्त धरा.

लांब पल्ला हवा असेल तर बाड ट्योल्झ ते म्युनिक, इझारच्या काठाने साठेक किलोमीटर. नदीबरोबर खाली येतो, त्यामुळे आकड्याच्या मानाने सोपी. वोल्फ्राट्सहाउझेनच्या पुढे उन्हाळ्यात लाकडी तराफ्यांवर बँड वाजवत जाणारे लोक भेटतात. पुपलिंगर आउमध्ये नदीतल्या खडीच्या बेटांवर पक्षी उघड्यावर अंडी घालतात. अंडी अगदी खडीसारखीच दिसतात, तेव्हा फलक असेल तिथे फोटोसाठीही खाली उतरायचं नाही.

नियम

बव्हेरियात जंगलातल्या योग्य रस्त्यांवरून सायकल नेता येते. सीमेपलीकडे ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये उलट आहे: सायकलसाठी खुला असा फलक नसेल तर तो जंगलरस्ता बंद समजायचा. "गुगलवर तर रस्ता दिसतोय" हे तिथे चालत नाही. आमचे सगळे मार्ग सीमेच्या अलीकडचे आहेत.

कुरणाचं फाटक उघडलं तर आपणच लावायचं. रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी आली तर सरळ रेषेत, ब्रेक न लावता पार करायची. ओली असेल तर उतरा. वासरू असलेल्या गाईला लांबून वळसा. हेल्मेटची इथे कायद्याने सक्ती नाही, आमच्याकडे आहे. त्यावर चर्चा नको.

हवा

आमचा हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. मे महिन्यातही सावलीच्या बाजूला बर्फ सापडतो, त्यामुळे सुरुवातीला मार्ग बदलू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांची वादळं येतात, म्हणून निघायची वेळ सकाळची आणि तीत सूट नाही. वादळाचा इशारा असेल तर राइड आम्हीच रद्द करतो आणि पूर्ण पैसे परत देतो. नुसत्या पावसाला रद्द करत नाही. कोकणातल्या पावसापुढे हा काहीच नाही. मात्र भिजल्यावर थंडी वाजते, जाकीट हवंच. कधी दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा, उबदार वारा सुटतो. त्या दिवशी डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे दिसतात, आणि इथली माणसं डोकेदुखीची तक्रार करतात.

गवतात गोचीड असतात. लांब मोजे घाला आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत बघा. त्यांच्यापासून होणाऱ्या मेंदूज्वरावर लस आहे; जर्मनीत राहणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावी.

खाणं

शाकाहारींनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाण्यात सोडलेला गोळा आणि वर हिरवी पात, असं दिसणारं निरुपद्रवी सूप बहुतेकदा गाईच्या मांसाच्या रश्श्यात केलेलं असतं. आणि केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या नूडल्स, शाकाहारी म्हणून मिळतात, पण त्यांत अंडं असतं. अंडंही चालत नसेल तर आदल्या दिवशी कळवा, डबा आणतो. डोंगरावरच्या गोठ्याशेजारच्या खानावळीत थंडगार बटरमिल्क मिळतं. आपलं ताकच ते, जरा दाट. मीठ-जिऱ्याची पुडी आमच्याकडे असते. रोख पैसे ठेवा, बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही. राडलर म्हणजे बिअर आणि लेमोनेडचं मिश्रण. नाव सायकलस्वाराचंच असलं तरी दारूचा कायदा सायकललाही लागतो, एकावर थांबा.

पोहोचणं आणि बुकिंग

म्युनिकहून लेंगग्रीसला ट्रेनने साधारण तासभर. ही गाडी वाटेत तुटते: काही डबे लेंगग्रीसला, काही टेगर्नझेला. दारावरचं नाव वाचून बसा. मागे एक जोडपं टेगर्नझेच्या काठावरून फोन करत होतं की तुम्ही दिसत का नाही. डॉइचलँड टिकिट (लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा देशभराचा मासिक पास) या गाडीला चालतं, पण स्वतःची सायकल आणलीत तर तिचं तिकीट वेगळं. आमच्या सायकली व्हॅनने येतात.

एका गटात जास्तीत जास्त सहाजण. दर मागच्या पानावर आहेत. सायकल, हेल्मेट आणि पंक्चर त्यात धरलं आहे, जेवण नाही. प्रवास-विम्यात सायकलिंग येतं का, हे तेवढं तुम्ही तपासा.

बुकिंग करताना उंचीबरोबर पायाची आतली लांबीही कळवा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांमध्ये जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. मोजायला दुसरं कोणीतरी हवं. स्वतः वाकून मोजलं की दोन सेंटिमीटर हमखास चुकतात, आणि मग लेंगग्रीस स्टेशनबाहेर सीट वर-खाली करण्यात अर्धा तास जातो.