पिस्तुलाची सेफ्टी 'जरा सोपी करून द्या' म्हणणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हल्ली दुकानात पिस्तूल घेऊन येणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांची मागणी एकच असते, सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका) फार कडक आहे ती सोपी करून द्या. कोणी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात की हे बघा असा लांब लिव्हर लावून द्या, आणि एखादा तर सरळ म्हणतो काढूनच टाका, वेळेला अंगठ्याला सापडत नाही. काउंटरवर उभं राहून प्रत्येकाला नीट समजावणं होत नाही, म्हणून हे पत्रक छापलंय. घरी न्या, सावकाश वाचा.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. त्यात दिसतात ती सिग पी ३६५ नाहीतर स्मिथ अँड वेसनची शील्ड असली छोटी पिस्तुलं, म्हणजे अमेरिकेतल्या बाजारातली, ९ एमएमची. आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. आपल्या लोकांकडे असतात ती .३२ ची, म्हणजे सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची अशनी, नाहीतर आजोबा-वडिलांकडून वारसाने आलेली वेब्ली स्कॉट, कोल्ट, वाल्थर. तिकडचा पार्ट इकडे बसत नाही हे एक, पण खरा मुद्दा पुढे आहे. तिकडे काही पिस्तुलं बाहेरच्या सेफ्टीशिवायच विकतात, ग्लॉकच्या नेहमीच्या मॉडेलांना तर अंगठ्याची सेफ्टी नसतेच, पण त्यांच्या पोटात दुसरी व्यवस्था असते. ट्रिगर पूर्ण दाबल्याशिवाय फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन) पुढे जाऊच शकत नाही असा अडसर असतो, हातातून पडलं तरी सुटू नये म्हणून. आपल्याकडच्या जुन्या .३२ पैकी बऱ्याच पिस्तुलांत हा अडसर नाही. तिथे तुमच्या आणि गोळीच्या मधे तो एक छोटा खटकाच आहे, तो काढायचा म्हणजे दाराची कडी काढून ठेवून झोपण्यासारखं आहे.

खटका आत काय करतो ते सांगतो. लिव्हर बाहेर दिसतो तेवढा नसतो, त्याचा दांडा बॉडीत आत जातो आणि त्या दांड्याला आत एक उंचवटा किंवा खाच असते. सेफ्टी लावली की तो उंचवटा सिअरच्या (हॅमरला म्हणजे घोड्याला मागे धरून ठेवणारा तुकडा) शेपटीखाली येऊन बसतो, मग ट्रिगर कितीही ओढा, सिअर हलत नाही आणि हॅमर सुटत नाही. काही पिस्तुलांत हेच वेगळ्या पद्धतीने होतं, पण तत्त्व तेच. आणि लिव्हर आपोआप फिरू नये म्हणून एक बारीकशी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला छोटी पिन असते, ती लिव्हरच्या खळगीत बसते. तुम्हाला जो 'टक' आवाज येतो तो तिचाच. लोक ज्याला कडक म्हणतात ते मुख्यतः हीच स्प्रिंग आणि खळगी.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. रत्नागिरीत काय, मालवणात काय, देवगडात काय, समुद्रावरून येणारी हवा घराच्या लोखंडी ग्रिलचं काय करते ते आपण बघतोच, वर्षाला रंग मारला तरी बुडाला गंज धरतोच. ती हवा पिस्तुलातही जाते. त्यात कुणी सेफ्टीच्या फटीत खोबरेल तेल सोडलेलं असतं, कुणी शिलाई मशीनचं, ते वर्षभरात वाळून चिकट होतं, वर खार आणि धूळ बसते आणि झाला लिव्हर घट्ट. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर आमच्याकडे आलेल्या एका पिस्तुलाच्या सेफ्टीच्या भोकातून सुईने गाळ काढलाय, अक्षरशः तांबडी माती निघाली. मालक म्हणत होते लिव्हर घासून कमी करा. आम्ही फक्त उघडून, धुऊन, स्प्रिंग बदलून दिली, अंगठ्याने सहज फिरायला लागली.

म्हणून आमचा शिरस्ता असा की कोणी कितीही म्हटलं तरी आधी पूर्ण उघडून साफ करायचं, मग बोलायचं. 'सोपी करा' म्हणून आलेल्या बऱ्याचशा पिस्तुलांचं काम तिथेच संपतं. स्प्रिंग गंजली असेल तर नवी, पिन झिजली असेल तर नवी, लिव्हरच्या कडेला धार आली असेल आणि अंगठ्याला बोचत असेल तर बाहेरची कड हलकी गोल करतो. बस्स.

खळगी घासून 'स्मूद' करणं आम्ही करत नाही. का ते एका प्रसंगाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एक काका आले, पिस्तूल दुसरीकडून घासून आणलेलं, लिव्हर लोण्यासारखा फिरत होता आणि ते खूश होते. आमच्या समोर त्यांनी ते कमरेच्या कव्हरमधून रिकामं काढून दाखवलं आणि लिव्हर कव्हरच्या चामड्याला घासूनच फिरून सेफ्टी निघालेली होती, त्यांना कळलंही नाही. नंतर सांगितलं त्यांनी, महिन्याभरापूर्वी घराच्या पायरीवर बसताना एक राउंड सुटला होता, जांभ्याच्या चिऱ्यात गेला म्हणून पाय वाचला. तो भाग आम्ही कारखान्याचा मागवून बदलला. त्यादिवशी दुकानात बराच वेळ कोणी बोललं नाही.

लांब लिव्हरचंही तसंच आहे. अंगठ्याला मोठा म्हणजे कव्हरला, शर्टाला, सीटबेल्टलाही मोठा, कशालाही अडकून फिरतो. आणि वेल्डिंग करून लांब करायला तर सांगूच नका. तो तुकडा कडक केलेल्या पोलादाचा असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडतो आणि आतला उंचवटा झिजायला लागतो. डावखुऱ्या लोकांची अडचण आम्हाला मान्य आहे, लिव्हर डाव्या बाजूला असतो आणि तुमचा अंगठा उजवीकडे. तुमच्या मॉडेलला कारखान्याचा दोन्ही बाजूंचा पार्ट मिळत असेल तर लावून देऊ, नसेल तर नाही लावणार.

अजून एक गोंधळ होतो तो दिशेचा. कोल्ट पॉकेट मॉडेलला लिव्हर वर म्हणजे सेफ्टी लागलेली, खाली म्हणजे निघालेली. वाल्थर पीपी, पीपीकेला लिव्हर स्लाईडवर (वरच्या सरकत्या भागावर) असतो आणि तिथे खाली म्हणजे सेफ्टी लागलेली. घरात दोन पिस्तुलं असतील, एक वडिलांचं एक स्वतःचं, तर अंगठा चुकणारच. अशा वेळी लिव्हर बदलण्यापेक्षा एकच पिस्तूल वापरात ठेवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरी तपासायचं असेल तर असं. आधी मॅगझिन काढा, मग स्लाईड मागे ओढून चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघा, बोटानेही चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. हॅमर चढवा, सेफ्टी लावा (वाल्थर पीपी, पीपीके सोडून, तिथे सेफ्टी लावताच हॅमर पडतो), पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे करून ट्रिगर ओढा. हॅमर पडता कामा नये. ट्रिगर सोडा आणि आता नुसती सेफ्टी काढा, ट्रिगरला हात न लावता. इथे हॅमर आपोआप पडला तर सिअर किंवा सेफ्टीचा आतला उंचवटा झिजलाय, ते पिस्तूल त्याच क्षणी वापरातून बाजूला ठेवा आणि आमच्याकडे घेऊन या. आतल्या हॅमरचं पिस्तूल असेल तर हॅमर दिसत नाही, तो पडल्याचा 'टक' आवाज येतो का ते ऐका.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दुरुस्ती आणि फेरबदल दोन्हीला परवाना लागतो, म्हणजे ओळखीच्या लेथवाल्याकडून काही करून घेतलं तर तो आणि तुम्ही दोघंही अडचणीत. पिस्तूल आणताना मूळ परवाना सोबत हवा. स्वतः येता येत नसेल तर दुरुस्तीसाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस आणू शकतो, नुसती चिठ्ठी देऊन पोराला पाठवलेलं आम्ही घेत नाही. आणि शिमग्याला, लग्नाला हवेत बार काढायची हौस असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

ठेवताना चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कव्हरच्या आकाराचा गंज पिस्तुलावर उमटतो. सुती कापडात बंदुकीचं तेल हलकं लावून, डब्यात सिलिका जेलची पुडी, निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेलं शस्त्र परत आलं की त्याच आठवड्यात एकदा उघडून बघून घ्या, महिना दीड महिना तेलाशिवाय पडलेलं असतं.

साफसफाईसाठी मे महिन्यातच आणा. मिरग लागला की सगळे एकदम येतात आणि मग पंधरा दिवस थांबावं लागतं. येताना मॅगझिन रिकामं, चेंबर रिकामं, काडतुसं घरी.