इंग्रजी विशेषणानंतरचे प्रिपोझिशन

इंग्रजीतील बऱ्याच विशेषणांचा रोख कशाकडे किंवा कोणाकडे आहे, हे पुढच्या नामातून कळते आणि त्या नामाआधी ठरावीक प्रिपोझिशन येते : ‘अफ्रेड ऑफ’, ‘इंटरेस्टेड इन’, ‘फेमस फॉर’. व्याकरणात याला ‘डिपेंडंट प्रिपोझिशन’ म्हणतात. काही विशेषणांचे त्यावाचून चालतच नाही. ‘ही इज अफ्रेड’ हे वाक्य पुरे आहे, ‘ही इज फाँड’ मात्र अधांतरी राहते. पुढे ‘ऑफ’ हवेच.

मराठीतही हे संकेत रूढीनेच ठरतात. आपण सापाला घाबरतो, माणसावर रागावतो आणि लग्न कोणाशी तरी करतो. हेच प्रत्यय शब्दशः इंग्रजीत नेले की ‘अँग्री ऑन मी’ किंवा ‘मॅरीड विथ हर’ अशी रूपे तयार होतात. प्रचलित रूपे आहेत ‘अँग्री विथ मी’ आणि ‘मॅरीड टू हर’.

अर्थावरून अंदाज बांधता येतो, पण थोडाच. कौशल्य दाखवणाऱ्या ‘गुड’, ‘बॅड’, ‘ब्रिलियंट’ यांना ‘ॲट’ लागते. संबंध किंवा साम्य दाखवणाऱ्या ‘रिलेटेड’, ‘सिमिलर’ यांना ‘टू’. पण आवड सांगताना ‘फाँड’ला ‘ऑफ’ आणि ‘कीन’ला ‘ऑन’ का, याला वापराखेरीज उत्तर नाही. त्याच कुळातले नामही वेगळी वाट धरते : ‘प्राउड ऑफ’, पण ‘प्राइड इन’, ‘फाँड ऑफ’, पण ‘फाँडनेस फॉर’. म्हणून नुसत्या याद्या घोकण्यापेक्षा पूर्ण वाक्यासकट जोडी लक्षात ठेवणे सोयीचे.

खरी गंमत एकाच विशेषणाला अनेक जोड्या असतात तिथे आहे. ‘गुड ॲट’ म्हणजे एखाद्या कामात तरबेज, ‘गुड फॉर’ म्हणजे हितकारक, ‘गुड टू’ म्हणजे कोणाशी चांगले वागणारा. ‘टायर्ड फ्रॉम’ म्हणणारा दमलेला असतो, ‘टायर्ड ऑफ’ म्हणणारा कंटाळलेला. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’मध्ये कामाची जबाबदारी येते, तर ‘रिस्पॉन्सिबल टू’मध्ये ज्याला जाब द्यायचा तो वरिष्ठ.

‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ ही मुळात लॅटिनमधली तुलनावाचक रूपे. तुलना असूनही त्यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे, ‘टू’ येते. ‘डिफरंट’बाबत इंग्रजी भाषकांतच एकमत नाही : ब्रिटिश बोलण्यात ‘डिफरंट टू’ ऐकू येते, अमेरिकनांत ‘डिफरंट दॅन’. ‘डिफरंट फ्रॉम’ दोन्हीकडे मान्य आहे, तेव्हा लिहिताना तेच बरे.

प्रिपोझिशननंतर क्रियापद आल्यास ते ‘-इंग’ रूपात असते : ‘फाँड ऑफ रीडिंग’. ‘यूज्ड टू’ म्हणजे ‘सवय असलेला’ या अर्थी ‘टू’ हेही प्रिपोझिशनच असल्याने ‘आय ॲम यूज्ड टू वेटिंग’ म्हणतात, ‘टू वेट’ नव्हे. ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य आले तर प्रिपोझिशन गळून पडते : ‘प्राउड ऑफ हर वर्क’, पण ‘प्राउड दॅट शी वन’.