मोकळा आणि अर्धा मोकळा: एनबीएमधले दोन फ्री एजंट

दरवर्षी ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजले की एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, खेळाडूंचा बाजार उघडतो. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट असते, साडेतीनचा सुमार. जागे राहिलेल्यांच्या फोनवर बातम्या धडाधड पडायला लागतात आणि त्यात दोन शब्द सतत डोळ्यांसमोर येतात: रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट आणि अनरिस्ट्रिक्टेड फ्री एजंट. अर्धवट झोपेत दोन्ही सारखेच वाटतात. करार संपला, खेळाडू सुटला. मराठीत आपण दोघांनाही ‘करारमुक्त’ म्हणून टाकतो आणि तिथेच घोळ होतो. कारण त्यातला एकच, अनरिस्ट्रिक्टेड, खरोखर मुक्त असतो.

दुसऱ्याची गोष्ट गावाकडच्या जमिनीसारखी आहे. भावाने आपला हिस्सा विकायला काढला, बाहेरच्याने भाव लावला, तर आधी घरच्यांना विचारायचं. तेवढेच पैसे घरच्यांनी मोजले तर जमीन घरात राहते. रिस्ट्रिक्टेड खेळाडूच्या जुन्या संघाला नेमका हाच पहिला हक्क असतो. अनरिस्ट्रिक्टेड खेळाडूच्या बाबतीत जुन्या संघाला विचारायचं कारणच नाही.

हा हक्क आपोआप मिळत नाही. जून संपायच्या आत संघाने खेळाडूपुढे एक वर्षाचा ठरीव रकमेचा करार ठेवावा लागतो. त्याला क्वालिफाइंग ऑफर म्हणतात. ती ठेवली नाही तर खेळाडू थेट पूर्ण मोकळा. ती ठेवल्यावर दुसरा संघ त्या खेळाडूकडून जो करार सही करून घेतो, ती ऑफर शीट. दोन्हींत ‘ऑफर’ आहे म्हणून लोक गल्लत करतात, पण पहिली घरची आणि दुसरी दारावर आलेली. शिवाय हा हक्क सगळ्यांवर चालत नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत घेतलेल्यांचा चार वर्षांचा पहिला करार संपल्यावर, आणि बाकीच्यांची लीगमध्ये तीन किंवा त्याहून कमी वर्षं झाली असतील तरच. मुरलेला खेळाडू अनरिस्ट्रिक्टेडच असतो.

आता गॉर्डन हेवर्ड. या माणसावर दोन्ही प्रकार घडले आणि तेही एकाच संघाच्या पदरात, म्हणून त्याच्याइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

२०१०च्या ड्राफ्टमध्ये यूटा जॅझने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. २०१३मध्ये करार वाढवायची बोलणी झाली, जमली नाहीत. पुढच्या मोसमात संघ २५ सामने जिंकला, ५७ हरला, आणि जुलै २०१४मध्ये हेवर्ड रिस्ट्रिक्टेड झाला. यूटाचा विचार उघड होता: बाजाराला भाव ठरवू दे, आपण मॅच करू, म्हणजे तेवढाच भाव देऊन त्याला ठेवून घेऊ. शार्लट हॉर्नेट्सने भाव ठरवला, चार वर्षांचे ६ कोटी ३० लाख डॉलर. त्या वर्षी एका अख्ख्या संघाची सॅलरी कॅप, म्हणजे सगळ्या पगारांसाठीची ठरलेली मर्यादा, साधारण तेवढीच होती, ही जाता जाता गंमत. तेव्हाच्या नियमाने यूटाला तीन दिवस मिळाले. तेवढा वेळ ऑफर देणाऱ्याचे पैसे अडकून पडतात, त्यामुळे शार्लट हात बांधून बसलं. यूटाने मॅच केलं. शार्लटने मग लान्स स्टीफन्सनला घेतलं, आणि तो वर्षभरातच लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे गेला.

यूटाच्या चाहत्यांना वाटलं, जिंकलो. माझ्या मते तिथेच डाव हातातून निसटायला लागला होता. मॅच करणं म्हणजे नुसती रक्कम भरणं नव्हे; तो करार अटींसकट जसाच्या तसा घ्यावा लागतो. आणि तो लिहिलेला असतो प्रतिस्पर्ध्याने. शार्लटच्या कागदावर चौथं वर्ष प्लेयर ऑप्शन होतं, म्हणजे तीन वर्षांनी हवं तर राहायचं, नको तर निघायचं, निर्णय खेळाडूचा. यूटाने स्वतःहून पाच वर्षांचा करार दिला असता तर हेवर्ड २०१९पर्यंत बांधला गेला असता. बाजारावर सोडल्यामुळे खेळाडू राहिला खरा, पण घराला एक मागचं दार बसलं, आणि त्याची किल्ली हेवर्डच्या खिशात.

२०१७मध्ये ते दार उघडलं. तोवर संघ ५१ विजयांवर पोचला होता, हेवर्ड ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांपैकी एक, झाला होता. त्याने ऑप्शन सोडलं आणि तो अनरिस्ट्रिक्टेड झाला. आता यूटाकडे मॅच नावाचं हत्यारच नव्हतं. फक्त जुना संघ म्हणून पाच वर्षं देता येत होती, इतरांना चारच. ४ जुलैला हेवर्डने बॉस्टन सेल्टिक्सचं नाव जाहीर केलं, चार वर्षं, १२ कोटी ८० लाख. बॉस्टनचे प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स त्याचे बटलर विद्यापीठातले गुरू. यूटाच्या हाती बदल्यात काहीही आलं नाही. तीन दिवसांची मुदत नाही, कागद नाही, विचारणाही नाही.

मग संघ रिस्ट्रिक्टेडच्या मागे का असतात? कारण तोटा झाला तरी तो डोळ्यांदेखत होतो. काही संघ तर स्वतःहून खेळाडूला त्या रांगेत उभं करतात. डेन्व्हरकडे २०१८मध्ये निकोला योकिचला आणखी एक वर्ष १६ लाखांत खेळवायचा टीम ऑप्शन होता, म्हणजे इथे निर्णय संघाचा. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण त्यांनी तो सोडला. खेळवला असता तर वर्षाने योकिच पूर्ण मोकळा झाला असता. सोडला म्हणून तो रिस्ट्रिक्टेड राहिला, आणि पाच वर्षांचा, पावणेपंधरा कोटींच्या आसपासचा करार घेऊन तिथेच थांबला. न थांबता सुटलेल्याचं उदाहरण जेलन ब्रन्सन. दुसऱ्या फेरीतला खेळाडू, डॅलसकडे चार वर्षं पूर्ण झाली, २०२२मध्ये अनरिस्ट्रिक्टेड, आणि न्यूयॉर्क निक्सने १० कोटी ४० लाखांत उचलला.

पण योकिचची युक्ती डोळे झाकून वापरायची नाही. ह्यूस्टनने २०१४मध्ये चँडलर पार्सन्सवर तीच केली. त्याचा दहा लाखांच्या आतला ऑप्शन सोडला, हिशेब असा की ख्रिस बॉशला आणायचं आणि पार्सन्सलाही मॅच करायचं. डॅलसने पार्सन्सपुढे तीन वर्षांचे ४ कोटी ६० लाख ठेवले. बॉश मायामीतच राहिला, ह्यूस्टनने मॅच केलं नाही, आणि जो जवळजवळ फुकटात आणखी वर्षभर खेळला असता तोही गेला.

खेळाडूच्या बाजूने रिस्ट्रिक्टेड असणं म्हणजे बहुतेकदा वाट बघणं. ‘ते मॅच करणारच, मग आपण पैसे कशाला अडकवायचे’ म्हणून इतर संघ ऑफरच देत नाहीत. त्यावर एक उतारा आहे: तीच क्वालिफाइंग ऑफर मुकाट्याने सही करायची, वर्षभर कमी पैशांत खेळायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळं व्हायचं. ग्रेग मन्रोने २०१४मध्ये डेट्रॉइटमध्ये हेच केलं आणि वर्षाने मिलवॉकीकडून तीन वर्षांचे ५ कोटी घेतले. दुखापत झाली असती तर? म्हणूनच फार थोडे ही वाट धरतात.

आयपीएल बघणाऱ्यांना एव्हाना राइट टू मॅच आठवलं असेल, जुन्या संघाने तेवढीच बोली देऊन खेळाडू परत घ्यायचं कार्ड. नातं जवळचं आहे, पण एक गाठ वेगळी. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात अर्शदीप सिंगवर हैदराबादने १५.७५ कोटी रुपयांची बोली लावली, त्याच्या जुन्या संघाने, पंजाबने, कार्ड वापरलं, तेव्हा नव्या नियमाने हैदराबादला एकदा भाव वाढवायची मुभा मिळाली. त्यांनी १८ कोटी सांगितले आणि पंजाबने तेही मोजले. एनबीएत ही दुसरी फेरी नाही. ऑफर शीटवर एकदा आकडा पडला की पडला, म्हणून तिथे पहिलाच आकडा बोचेल असा लिहितात.

एनबीएत आणखी एक अट असते. मॅच केलेल्या खेळाडूला वर्षभर त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदलीत देता येत नाही, आणि ज्याने ऑफर दिली त्या संघाकडे तर वर्षभर अजिबातच नाही. २०२२मध्ये इंडियानाने डिआंड्रे एटनला चार वर्षांचे सुमारे १३ कोटी ३० लाख देऊ केले, फिनिक्सने लगेच मॅच केलं, आणि ही बंदी लागू झाली. नको असलेल्याला मॅच करून दुसरीकडे फिरवायची सोय तेवढ्यापुरती बंद.

हेवर्डचं पुढे काय झालं? बॉस्टनच्या पहिल्याच सामन्यात, ऑक्टोबर २०१७मध्ये, काही मिनिटांतच त्याचा पाय मोडला. नोव्हेंबर २०२०मध्ये, कोविडमुळे पुढे ढकललेल्या बाजारात, त्याने ३ कोटी ४२ लाखांचा शेवटचा ऑप्शन सोडला आणि तो गेला शार्लटला, चार वर्षांच्या १२ कोटींवर. सहा वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी तीन दिवस हात बांधून बसावं लागलं होतं, तो असा सापडला. त्याच्यासाठी जागा करायला शार्लटने निकोला बाटूमला सोडलं. त्याचे उरलेले २ कोटी ७० लाख तीन वर्षांवर पसरवले, दरसाल ९० लाख, आणि तेवढे पैसे तो क्लिपर्सकडून खेळत असताना शार्लट भरत राहिलं.