काचेच्या कलावस्तूंवरील निर्मातृचिन्हे

काच घडवणारा कारागीर, कारखाना किंवा आरेखनाचा मालक ओळखता यावा म्हणून वस्तूवर उमटवलेली नावे, आद्याक्षरे, आकृत्या व क्रमांक. ही चिन्हे साच्यातून उठावात येतात, आम्लाने खोदली जातात, चाकावर किंवा हिऱ्याच्या टोकाने कोरली जातात, मीनाकामात लिहिली जातात, नाहीतर कागदी चिठ्ठी म्हणून चिकटवली जातात. चिठ्ठ्या धुण्यापुसण्यात निघून जातात. त्यामुळे चिन्ह नाही म्हणून वस्तू हलकी, असे ठरत नाही.

ही प्रथा निदान इसवी सनाच्या पहिल्या शतकाइतकी जुनी आहे. साच्यात फुंकलेल्या पेल्यांवर 'एनियनने केले' अशा अर्थाचा ग्रीक मजकूर चौकटीत आढळतो. असे पेले पूर्व भूमध्य प्रदेशात तसेच उत्तर इटलीत सापडले आहेत. हा कारागीर एनियन सिडॉन (आजच्या लेबनॉनमधील शहर) परिसरातला होता, यावर बहुतेकांचे एकमत दिसते. पुढे तो इटलीत गेला, असे काहींनी मांडले. इतरांच्या मते त्याचा माल किंवा साचेच तिकडे गेले. वस्तू आणि साचे दोन्ही दूरवर जाऊ शकत असल्याने दुसरे मत अधिक सुरक्षित वाटते.

ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात आरेखन-नोंदणीचे, कोपऱ्यावर उभ्या चौकोनाचे चिन्ह वापरात होते. त्याच्या माथ्यावर वस्तूच्या वर्गाचा आकडा असे; तिसरा वर्ग काचेचा. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात, तर १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात येते. त्यावरून आरेखनाची नोंद कधी झाली हे कळते. प्रत्यक्ष वस्तू त्यानंतर कितीतरी वर्षांनी ओतलेली असू शकते.

सर्वाधिक घोळ फ्रान्समधील नान्सीचा काचकार एमिल गॅले याच्याबाबत होतो. १९०४ मध्ये त्याचे निधन झाल्यावर काही काळ स्वाक्षरीशेजारी तारा घातला जाई. हा काळ सामान्यतः १९०६ पर्यंतचा सांगितला जातो; काहीजण तो १९१४ पर्यंत ताणतात. बाजारात मात्र 'तारा नाही, म्हणजे गॅलेच्या हयातीतली' असे समीकरण चालते. ते चुकीचे आहे, कारण कारखाना १९३० च्या दशकापर्यंत चालू होता आणि ताऱ्याविना स्वाक्षरी त्या उत्तरकाळातही येते. अलीकडच्या रोमानियन प्रतिकृतींवर, ही केवळ त्या पद्धतीची वस्तू असल्याची कबुली देणारा 'टिप' हा शब्द नावाजवळ असतो. तो घासून टाकलेल्या प्रतीही विकल्या जातात. फ्रेंच काचकार रने लालिकच्या नावाआधीचे 'आर.' हे अक्षर १९४५ मध्ये तो वारल्यानंतर वापरातून गेले. नंतरच्या वस्तूंवर ते मागाहून कोरून त्या जुन्या भासवल्या जातात. 'चेकोस्लोव्हाकिया' असे लिहिलेली वस्तू १९१८ पूर्वीची असू शकत नाही.

पारखताना काच आधी पाहावी, नाव शेवटी. दहापट भिंगातून तळ पाहिला की वापराने पडलेले चरे दिसतात. हे चरे नावावरून गेलेले असतील तर नाव जुने; नावाची रेघ चऱ्यांना छेदत असेल तर ते मागून घातलेले. एकावर एक चढवलेल्या रंगीत काचेच्या थरांच्या कोरीव कामात अस्सल स्वाक्षरी बहुधा नक्षीच्याच थरातून, त्याच आम्लाने उठावलेली असते. विजेच्या कोरणीने काढलेली रेघ थरथरती व कडांना कुरतडलेली दिसते. अतिनील प्रकाशात युरेनियमयुक्त काच हिरवी चमकते, पण युरेनियम आधुनिक काचेतही असते. एवढ्यावरून वय ठरत नाही.

पुण्यात अशा वस्तू वाड्यांतील हंड्या, झुंबरे, अत्तरदाण्या व गुलाबदाण्यांच्या रूपाने येतात. वाडा उतरला की त्यांतल्या कित्येक जुन्या बाजारात पोचतात. झुंबराचे लोलक व वाट्या पिढ्यान्‌पिढ्या बदलल्या जात असल्याने पितळी भागावरचे बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचे नाव सबंध झुंबराला लागू होत नाही. तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये निघालेला पैसा फंड काच कारखाना व १९१६ चा ओगलेवाडीचा कारखाना यांचा माल मुख्यतः नित्योपयोगी होता. जुनी काच विकण्यापूर्वी तळ पॉलिश करून घेण्याची पद्धत अत्यंत घातक आहे, कारण चरे, घडवताना तळाला धरलेल्या दांडीवरून तोडल्याची खूण आणि चिठ्ठीचा डिंक हा सारा पुरावा तिथेच असतो.

कालनिर्णयाला कायदेशीर महत्त्वही आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलासंपदा अधिनियमानुसार निदान शंभर वर्षे जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते व खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. वस्तू तशी नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो.