ब्रिटनमध्ये गायन, गीतरचना आणि व्होकल अरेंजिंगची पदवी: अर्ज, पात्रता, कागदपत्रे

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि बहुतेक घरांत ‘आता पुढे काय’ ही चर्चा तेव्हा सुरू होते. ब्रिटनमधल्या संगीत महाविद्यालयांसाठी ही वेळ फार उशिराची आहे. सप्टेंबर 2027 मध्ये वर्ग सुरू होणार असतील तर कॉन्झर्व्हेटॉयरचा, म्हणजे सादरीकरणावर भर देणाऱ्या संगीत महाविद्यालयाचा, अर्ज ऑक्टोबर 2026 च्या पहिल्या दिवसांतच बंद होतो. म्हणजे विद्यार्थ्याची बारावीची परीक्षा व्हायलाही तेव्हा चार महिने बाकी असतात. म्हणून अकरावीच्या उन्हाळी सुट्टीत तयारीला लागावे.

आधी दार ओळखा

पदवीसाठी मुख्य दोन मार्ग आहेत आणि दोन्ही युकॅस या केंद्रीय संस्थेमार्फत जातात, पण त्यांचे वेळापत्रक वेगळे आहे.

पहिला मार्ग युकॅस कॉन्झर्व्हेटॉयर्सचा. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक, ग्लासगोची रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर ऑफ स्कॉटलंड, लीड्स कॉन्झर्व्हेटॉयर अशा संस्था इथे येतात. इथे निवड मुख्यतः ऑडिशनवर होते. जास्तीत जास्त सहा पर्याय भरता येतात. गिल्डहॉल स्कूल मात्र संगीताचे अर्ज स्वतःच्या संकेतस्थळावर थेट घेते.

दुसरा मार्ग नेहमीच्या युकॅस अर्जाचा. लंडनच्या गोल्डस्मिथ्समधले पॉप्युलर म्युझिक किंवा लिव्हरपूलच्या लिपा या सादरीकरण कलांच्या संस्थेतला संगीताचा अभ्यासक्रम या वाटेने मिळतो. इथे पाच पर्याय असतात आणि मुख्य मुदत जानेवारीत संपते.

दोन्हीकडे मुदत ब्रिटनच्या घड्याळाने संध्याकाळी सहाला संपते. ऑक्टोबरमध्ये तिकडे उन्हाळी वेळ चालू असल्याने आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, जानेवारीत साडेअकरा. ‘आज रात्री बारापर्यंत आहे’ असे समजून बसलेल्यांचा अर्ज इथेच राहतो.

शास्त्रीय पाश्चात्त्य गायन, जॅझ गायन, पॉप्युलर गायन आणि साँगरायटिंग हे वेगवेगळे प्रवेश आहेत. व्होकल अरेंजिंग, म्हणजे एका चालीसाठी अनेक आवाजांच्या ओळी रचणे, हा विषय बहुधा स्वतंत्र पदवी म्हणून नसतो. जॅझ, पॉप्युलर किंवा कंपोझिशनच्या अभ्यासक्रमात तो एखाद्या मॉड्यूलच्या (छोट्या स्वतंत्र विषयाच्या) रूपाने येतो. म्हणून अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मॉड्यूल-यादी उघडून बघा. हिंदुस्थानी गायनाची पायाभरणी असलेल्या विद्यार्थ्याला ‘ऑपेरा येत नाही तर माझे काय’ अशी भीती वाटते. ऑपेराची अपेक्षा फक्त पहिल्या प्रकारात असते. पॉप्युलर आणि साँगरायटिंगच्या परीक्षकांना स्वतःचा आवाज आणि स्वतःचे म्हणणे ऐकायचे असते.

पात्रता

कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणतीही शाखा चालते. बारावीला संगीत हा विषय असण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते. किती टक्के हवेत आणि इंग्रजीचा कोणता पुरावा हवा, हे प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. काही संस्था बारावीच्या इंग्रजीचे गुण मान्य करतात, काहींना आयईएलटीएस लागते. आयईएलटीएस द्यायचीच असेल तर नोंदणी करताना ‘यूकेव्हीआय’ हा ब्रिटिश व्हिसासाठीचा प्रकार निवडा. साधी आणि यूकेव्हीआय अशा दोन परीक्षा असतात आणि व्हिसासाठी परीक्षेचा पुरावा लागला तर साधी चालत नाही.

संगीताच्या प्रमाणपत्रांबद्दल गैरसमज फार आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना युकॅसचे टॅरिफ गुण (प्रवेशासाठी धरले जाणारे गुण) नाहीत. एबीआरएसएम, ट्रिनिटी, रॉकस्कूल या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांच्या सहावी ते आठवी ग्रेडला आहेत. प्रात्यक्षिकाची आठवी ग्रेड पास असेल तर 18, मेरिटला 24, डिस्टिंक्शनला 30. तरीही विशारद अर्जात जरूर लिहा, मात्र एका ओळीत समजावून: किती वर्षांचा अभ्यास, किती राग, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. नुसते ‘विशारद, प्रथम श्रेणी’ लिहिले तर वाचणाऱ्याला काहीही कळत नाही.

अर्ज भरताना

नाव पासपोर्टवर आहे तसेच भरा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात असते, पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. अर्जात एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरे आणि जन्मदाखल्यावर तिसरे, ही गुंतागुंत व्हिसाच्या वेळी डोके वर काढते. पासपोर्ट नसेल तर काढतानाच सगळ्या कागदांवरचे नाव जुळवून घ्या.

बारावी अजून झालेली नसल्याने तो निकाल ‘प्रलंबित’ म्हणून दाखवायचा असतो आणि महाविद्यालयाने अपेक्षित गुण कळवायचे असतात. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांना ही पद्धत सवयीची नाही. जुलैमध्येच प्राचार्यांना भेटून समजावून सांगा आणि शिफारस महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवरून जाईल याची खात्री करा.

कॉन्झर्व्हेटॉयरच्या अर्जाला दोन शिफारसी लागतात: एक शैक्षणिक, एक प्रात्यक्षिक संगीताची. दुसरी साहजिकच गुरूंची. ती इंग्रजीत आणि त्यांनी स्वतः दिलेली हवी. शिष्याने लिहून गुरूंच्या नावाने पाठवणे हा नियमभंग आहे. नातेवाईकाची शिफारस चालत नाही. घरातच गाणे असलेल्या मुलामुलींची इथे खरी अडचण होते, कारण त्यांचे गुरू म्हणजे वडील, आत्या किंवा आजोबा. अशा वेळी बाहेरचे कोणी, म्हणजे समूहगानाचे दिग्दर्शक, साथीला बसणारे ज्येष्ठ वादक किंवा पाश्चात्त्य संगीताचे शिक्षक, निदान वर्षभर आधीपासून आपले काम पाहत असतील अशी व्यवस्था करा.

नेहमीच्या युकॅस अर्जात 2026 च्या प्रवेशापासून स्वतःविषयीच्या सलग निवेदनाऐवजी (पर्सनल स्टेटमेंट) तीन प्रश्न आले आहेत. प्रत्येकाला किमान 350 आणि मिळून 4000 अक्षरे, त्यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात. ‘संगीत माझा श्वास आहे’ असल्या वाक्यांत ती घालवू नका. कोणते गाणे रचले, त्यात कुठे अडले, मग काय बदलले, हे लिहा.

ऑडिशन आणि पोर्टफोलिओ

परदेशी विद्यार्थ्यांना बहुतेक संस्था ध्वनिचित्रमुद्रण पाठवू देतात. गायनासाठी साधारणपणे परस्परांहून वेगळ्या स्वभावाची दोन गाणी मागतात. साँगरायटिंगला स्वतःच्या दोन-तीन रचना आणि त्यांचे शब्द. नेमकी संख्या आणि मिनिटे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर असतात आणि ती तंतोतंत पाळावी लागतात.

मुद्रण एका दमात, न कापता करा. चेहरा आणि वाजवत असाल तर हात दिसू द्या. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) आणि ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर) बंद. ते लगेच ओळखू येते आणि मग खऱ्या सुराबद्दलही शंका घेतली जाते. फोन दोन मीटरवर ठेवलात तर खोलीचा घुमारा जास्त आणि आवाज कमी येतो, म्हणून साधा का होईना वेगळा माइक जोडा. खोलीत गाद्या, चादरी, पडदे असतील तर घुमारा बराच कमी होतो. ट्रॅकवर गाणार असाल तर ट्रॅकमध्ये मूळ गायकाचा आवाज किंवा गाण्याची चाल वाजवणारे वाद्य नको.

पट्टी सांगताना ‘काळी चार’ म्हणू नका. हार्मोनियमची काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. ऑनलाइन मुलाखतीत पट्टी विचारली की हे नाव क्षणात तोंडावर यायला हवे. शिवाय आपली स्वरलिपी कोणत्याही पट्टीत तीच राहते, तर पाच रेघांच्या लिपीत पट्टी बदलली की सगळे स्वर जागा बदलतात. चांगल्या गळ्याची मुले दृश्यवाचनात, म्हणजे लिहिलेले स्वर पाहता क्षणी गाण्यात, इथेच गडबडतात. रोज वीस मिनिटे याप्रमाणे वर्षभर सराव केला तर हा अडथळा राहत नाही.

मराठी गीत पाठवायला हरकत नसते. शब्द देवनागरीत, खाली रोमन लिपीत उच्चार आणि शेजारी इंग्रजीत अर्थ, अशी एक पानाची प्रत करा आणि ओळींवर कॉर्ड लिहा. गीत मित्राने लिहिले आणि चाल तुमची असेल तर तसे स्पष्ट लिहा.

अरेंजमेंट जोडणार असाल तर थोडे थांबून विचार करा, कारण रागाधारित चालीवर आवाज रचताना एक चूक वारंवार दिसते: चालीच्या वर सरसकट तिसरा स्वर (मूळ स्वर पहिला धरून मोजलेला) ठेवणे. भूपाचे उदाहरण घ्या. सा रे ग प ध एवढेच स्वर. रे वर तिसरा घेतला की म येतो, प वर घेतला की नि. दोन्ही भूपात नाहीत, आणि राग दोन ओळींतच विरतो. त्याऐवजी चौथ्याने बघा: रे वर प, ग वर ध, प वर सां, ध वर रें. सगळे रागातच राहतात. फक्त सा वर चौथा म येतो, तिथे पाचवा प घ्या. किंवा दोन आवाज षड्ज-पंचमावर धरून तिसऱ्याला चाल द्या. हे एवढे कारणासह अर्जात मांडता आले तर परीक्षकाला कळते की उमेदवार दोन्ही परंपरा कानाने समजून घेतो आहे. विद्यार्थ्याकडची सगळ्यात मोलाची शिदोरी हीच आहे आणि बहुतेक जण तीच लपवून तिकडची पॉप गाणी पाठवतात.

नोटेशनसाठी म्युझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. टेनरची (उंच पुरुष आवाजाची) ओळ ट्रेबल क्लेफमध्ये (उंच स्वरांसाठीच्या चिन्हात) लिहिताना क्लेफखाली छोटा 8 हवा, नाहीतर पुरुषांचा आवाज एक सप्तक वर वाचला जातो. श्वासाच्या खुणा घाला. स्कोअर पीडीएफ करून त्यासोबत खऱ्या आवाजातले मुद्रण द्या, संगणकाच्या ‘आ’कारातले नको.

जागा मिळाल्यावर: पैसे आणि व्हिसा

जागा पक्की करून अनामत भरली आणि अटी पूर्ण झाल्या की संस्था सीएएस क्रमांक, म्हणजे प्रवेश निश्चित झाल्याचा व्हिसासाठीचा क्रमांक, देते. त्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. अर्ज वर्ग सुरू होण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात.

अनेक नकार पैशांच्या पुराव्यात ओढवून घेतले जातात. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवायचा असतो. नोव्हेंबर 2025 पासूनचा दर लंडनमध्ये महिना 1529 पौंड आणि बाहेर 1171. म्हणजे नऊ महिन्यांचे अनुक्रमे 13,761 आणि 10,539 पौंड. ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी आणि शेवटच्या दिवसाची शिल्लक अर्जाच्या तारखेआधी 31 दिवसांच्या आतली हवी. मधल्या एका दिवशी शिल्लक गरजेपेक्षा शंभर रुपयांनी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून पाच टक्के तरी जास्त ठेवा.

खाते विद्यार्थ्याचे, आईवडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे. काका, मामा, आजोबांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. त्यांना मदत करायची असेल तर रक्कम 28 दिवसांच्या आधी आईवडिलांच्या खात्यात आणा. पतसंस्थेतली ठेव मोजू नका, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली नसतात. शेअर, भविष्य निर्वाह निधी, विमा पॉलिसी, सोने यांचा उपयोग नाही. मुदत ठेव लगेच मोडता येते असे बँकेने लिहून दिले तर चालते. शैक्षणिक कर्जाला 28 दिवसांची अट नाही. मात्र मंजुरीपत्र विद्यार्थ्याच्या नावाचे आणि सहा महिन्यांच्या आतले हवे.

आईवडिलांचे पैसे दाखवताना जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र लागते. जुन्या दाखल्यांवर अनेकदा बाळाचे नावच नसते. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नाव नोंदवून नवा दाखला घ्यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम आजच तपासा. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

क्षयरोग तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते. मुंबईत तशी सोय आहे. प्रमाणपत्र सहा महिने चालते. नेहमीच्या डॉक्टरांकडचा एक्स-रे चालत नाही.

आरोग्य अधिभार (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे शुल्क) वर्षाला 776 पौंड, सगळा अर्जाबरोबर आगाऊ. व्हिसा अभ्यासक्रमाआधी एक आणि नंतर चार महिने जास्त मिळतो आणि त्या महिन्यांचाही हिशोब होतो. चौतीस महिन्यांचा अभ्यासक्रम धरला तर एकूण एकोणचाळीस महिने, म्हणजे तीन वर्षे आणि तीन महिने; या तीन महिन्यांचे अर्धे वर्ष धरले जाते: 2716 पौंड. व्हिसाचे शुल्क वेगळे.

गाण्याच्या विद्यार्थ्याने हे आधी वाचावे

स्टुडंट व्हिसावर सत्रात आठवड्याला वीस तास काम करता येते, पण मनोरंजन कलाकार म्हणून नाही आणि स्वतंत्र व्यावसायिक म्हणूनही नाही. पबमध्ये पैसे घेऊन गाणे, लग्नात गाणे, गाण्याच्या शिकवण्या घेऊन पावती देणे, सगळे यात अडकते. दुकानात, ग्रंथालयात, विद्यापीठाच्या कार्यालयात पगारी काम चालते. अभ्यासक्रमाचा अविभाज्य आणि गुण दिला जाणारा भाग असलेल्या सादरीकरणाला सूट आहे, पण तेही संस्थेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारून करा. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात गायचे आमंत्रण आले, मानधन नसले, तरी आधी त्याच कार्यालयाला विचारा. ‘तिकडे कार्यक्रम करून खर्च निघेल’ या हिशोबावर कर्ज काढू नका. खर्चाच्या तक्त्यात गाण्याचे उत्पन्न तीन वर्षे शून्य धरा.